ढिगाऱ्यातून निघालेल्याला शहाळं देऊ नका

पत्र : मी पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर आशा म्हणून काम करते. आमच्याकडे लहान धक्के नवे नाहीत. भांडी वाजली की माणसं बाहेर येतात आणि थोड्या वेळानं आत जातात. गेल्या महिन्यात मात्र जरा जोराचा बसला. मग ग्रामसभेत ठरलं, की मोठा भूकंप झालाच तर वाचलेल्या माणसांना काय होतं आणि काय करायचं हे मी सगळ्यांना समजावून सांगायचं. माझ्या पेटीत कापूस, बँडेज, पॅरासिटामॉल आणि ओआरएसची पाकिटं एवढंच आहे. दवाखाना लांब, पावसात रस्ता कधी बंद पडेल सांगता येत नाही. ढिगाऱ्यातून काढलेल्याला आधी काय द्यावं? प्रेतांमुळे साथ पसरते म्हणतात, ते खरं का? आणि एक घरचं विचारते. १९६७ च्या भूकंपात सासूबाई नऊ वर्षांच्या होत्या. गेल्या महिन्यापासून त्यांना बसल्या जागी जमीन हलल्यासारखी वाटते. रात्री ओसरीवरच झोपतात. यावर काही औषध आहे का?

उत्तर : ताई, तुमच्या पेटीत जे आहे त्यातलं ओआरएस काही माणसांना देऊ नये अशी वेळ भूकंपानंतर येते. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

भिंतीखाली मांडी अडकलेला माणूस पाच तासांनी सापडतो. शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो, घरातल्यांची नावं घेऊन विचारतो. पोरं जोर लावून वासा उचलतात, त्याला बाहेर काढतात. कुणीतरी शहाळं फोडून तोंडाला लावतं. आणि थोड्या वेळात माणूस मान टाकतो. लोक म्हणतात, धसक्यानं गेला. धसक्यानं नाही गेला. दाबाखाली राहिलेल्या स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचं लाल द्रव्य, दाब आहे तोवर त्या पायातच कोंडलेलं असतं. वासा उचलला की ते सगळं एकदम रक्तात येतं. पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं, ते काही मिनिटांतही होऊ शकतं. मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या तुंबवतं, मग दिवसा-दोन दिवसांत लघवी कमी होत बंद पडते. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. तुर्कस्तानात ऑगस्ट १९९९ च्या भूकंपानंतर ६३९ जणांच्या मूत्रपिंडांना अशी इजा झाली, त्यातल्या ४७७ जणांना डायलिसिसवर घ्यावं लागलं. ही सगळी ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली माणसं होती.

आता शहाळ्याचं. आपल्याकडे आजारी माणूस दिसला की शहाळं, केळं, मोसंबीचा रस हे प्रेमानं दिलं जातं, आणि एरवी त्यात काही वावगं नाही. पण एका शहाळ्याच्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. ज्याच्या रक्तात आधीच पोटॅशियमचा लोंढा येणार आहे त्याला ते विषासारखं. ओआरएसचंही तेच. पाकिटाच्या पाठीवर वाचा, लिटरमागे दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड लिहिलेलं असतं. जुलाबात तेच जीव वाचवतं, दबलेल्या माणसाला देऊ नये. अडकलेला माणूस पूर्ण शुद्धीवर असेल, उलटी होत नसेल आणि पोटाला मार नसेल तर साधं पाणी घोट-घोट द्या.

खरा उपचार शिरेतून. डॉक्टर किंवा नर्स पोचू शकत असतील तर सलाईन माणूस अडकलेला असतानाच, मोकळ्या हाताला सुरू व्हायला हवं. मोठ्या माणसाला पहिले दोन तास ताशी एक लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, मग ताशी अर्धा लिटर. वय, हृदयाचा आजार आणि लघवीचं प्रमाण पाहून डॉक्टर ते कमी-जास्त करतील. गावात सगळ्याच बाटल्यांना ‘सलाईन’ म्हणतात, पण इथे बाटलीवर काय छापलंय ते वाचावंच लागतं. हवं ते एनएस, नॉर्मल सलाईन. आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, चालत नाही, कारण त्यातही पोटॅशियम असतं. रात्रीच्या घाईत जी बाटली हाताला लागेल ती लावली जाते. तुम्ही शेजारी उभ्या असाल तर ‘एनएसच आहे ना?’ एवढं विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.

आणि सलाईन येणारच नसेल तर? तर माणसाला वाट पाहत अडकवून ठेवू नका, काढा. कधी अडकला आणि कधी सुटला या दोन्ही वेळा मार्करनं त्याच्या हातावर लिहा. कागद हरवतो, हात हरवत नाही. १०८ ला फोन करताना ‘पाय मोडलाय’ असं न सांगता ‘पाच तास भिंतीखाली होता’ असं सांगा. त्यावरून समोरच्याला डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय बघायचंय हे कळतं. तुमच्या भागातून तो रस्ता कराड, सातारा किंवा मिरजेकडे जातो. पुढची पहिली खूण लघवी. कोऱ्या चहासारखी काळपट-तांबडी दिसली की थांबायचं नाही. बाटलीत धरून मोजा. मोठ्या माणसाला सहा तासांत निदान तीनशे मिली व्हायला हवी. दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन किंवा ब्रुफेन देऊ नका, ते अर्धमेल्या मूत्रपिंडावरचा शेवटचा घाव ठरतं. तुमच्या पेटीतलं पॅरासिटामॉल चालेल.

‘वीष वर चढू नये’ म्हणून दबलेल्या पायाला वरून करकचून दोरी बांधायचा सल्ला कुणीतरी देईलच. बांधू नका. रक्ताची धार लागलेली असेल तर फडक्यानं दाबून धरा. दाबूनही थांबत नसेल आणि जीव जातोय असं दिसत असेल तरच जखमेच्या वर घट्ट पट्टा बांधायचा, बांधल्याची वेळ लिहायची, आणि डॉक्टरशिवाय कुणी तो सोडायचा नाही. सुजणाऱ्या हातापायातल्या बांगड्या, पाटल्या, जोडवी, पैंजण पहिल्या दहा मिनिटांत उतरवा. तासाभरानं कापाव्या लागतात. तेल लावून चोळणं, शेकणं नको. आणि हाडवैद्याकडची बांबूच्या कामट्यांची घट्ट पट्टी तर या पायाला अजिबात नको. आत सूज वाढत असताना बाहेरून आवळलं की रक्त पोचत नाही आणि पाय सडतो. बोटं हलवून ताणली की किंचाळण्याइतकं दुखतं, पोटरी लाकडासारखी टणक लागते, बोटांना मुंग्या येतात, ही त्याची लक्षणं. यात तास महत्त्वाचे असतात, दिवस नाही.

आता जखमा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पहाटे चार वाजून गेल्यावर झाला, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचाही चारच्या सुमारास. दोन्ही वेळा माणसं झोपेत होती. झोपेतला माणूस अंधारात अनवाणी पळतो, आणि खाली कौलांचे तुकडे, काचा, खिळे. म्हणून पायाच्या जखमा बेसुमार असतात. त्यांवर हळद, चुना, तंबाखू, शेणाची राख यातलं काहीही लागता कामा नये. लागतं ते पाणी, आणि भरपूर. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, बुचाला तापवलेल्या सुईनं चार-पाच भोकं पाडा, उकळून गार केलेलं पाणी भरा आणि दाबून धार जखमेत मारा. एका जखमेला एक बाटली हे कमीत कमी. माती दिसेनाशी झाली की स्वच्छ फडकं सैल बांधा. टाके लगेच घालू नयेत. ढिगाऱ्यातली जखम वरून शिवली की आत घाण कोंडते आणि चौथ्या दिवशी पू घेऊन माणूस परत येतो. ती उघडी ठेवून, रोज धुऊन, तीन ते पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर डॉक्टर शिवतात. पेशंटचे नातेवाईक ‘टाके का घालत नाही’ म्हणून भांडतात, त्यांना हे तुम्ही समजावून सांगू शकता.

धनुर्वाताला वेळ लागतो, साधारण तीन दिवस ते तीन आठवडे. तोवर जखम विसरलेली असते. २००५ मध्ये काश्मीरच्या भूकंपानंतर आणि २००६ मध्ये इंडोनेशियात योग्यकर्ताला धनुर्वाताचे रुग्ण एकदम वाढले होते. आपल्याकडे गरोदरपणात बायकांना आणि लहानपणी पोरांना लस मिळते. उरतात ती साठीच्या पुढची माणसं, विशेषतः पुरुष. तेव्हा टीडीची, म्हणजे धनुर्वाताच्या लशीची, यादी करताना नातवंडांपासून नको, आजोबांपासून सुरू करा. मळकी जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर टीडी द्यायचं. कधीच घेतलं नसेल, किंवा तीन डोस पुरे झाले नसतील, तर लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते उपकेंद्रात नसतं, म्हणून असा माणूस पुढे पाठवावा लागतो. जबडा उघडत नाही, मान आखडली, गिळता येत नाही असं कुणी म्हणालं की जखम बरी झाली असली तरी निघायचं.

प्रेतांमुळे साथ पसरते हे खरं नाही. भूकंपात गेलेली माणसं इजेनं गेलेली असतात, साथीच्या रोगानं नव्हे. उचलणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, नंतर साबणानं हात धुवावेत, तेवढं पुरे. भीतीपोटी घाईघाईत, ओळख न पटवता अंत्यविधी उरकले की मागे राहिलेल्यांना आयुष्यभर ‘तो नक्की गेलाच का’ हा प्रश्न छळतो. फोटो काढा, अंगावरचे कपडे-दागिने लिहून ठेवा, घरच्यांना तोंड पाहू द्या.

साथ पसरते ती पाण्यातून आणि गर्दीतून. भूकंपानंतर विहिरीचं, झऱ्याचं पाणी गढूळ होतं, पातळी बदलते, नळाची लाईन फुटून गटाराचं पाणी आत शिरतं. टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, हजार लिटरला पाच ग्रॅम, हे तुमच्या जलसुरक्षकाला ठाऊक असतं. पण गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच संपतो. आधी निवळू द्या, चारपदरी फडक्यातून गाळा, मग टीसीएल टाका, अर्धा तास थांबा आणि ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याच्या तपासणीत, पिवळा रंग येतो का पाहा. आला नाही तर पुन्हा टाका. ओल लागलेल्या जुन्या पोत्यातली पावडर असेल तर कितीही टाकली तरी रंग येत नाही. तंबूतल्या माणसांना पिण्या-वापरायला मिळून माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर पाणी आणि वीस जणांमागे एक संडास असा हिशेब धरतात. संडास पाण्यापासून तीस मीटर लांब.

संडास बायकांसाठी वेगळे, उजेड असलेले आणि आतून कडी लागणारे हवेत, आणि ते पहिल्या दिवशी हवेत. नाहीतर बायका पाणीच पिणं सोडतात. मग लघवीची जळजळ, ताप, आणि पायात रक्ताची गुठळी. २००४ मध्ये जपानच्या निगाता भागात लोक धक्क्यांच्या भीतीनं गाडीत झोपले, कमी पाणी प्यायले, तासन्‌तास पाय लोंबते राहिले. त्यात काहींच्या पायात गुठळ्या झाल्या, फुप्फुसात जाऊन अडकल्या आणि माणसं दगावली. आपल्याकडे जीप आणि टेम्पोत हेच होईल. झोपायचं तर पाय लांब करून आडवं झोपा. दिवसा दर दोन तासांनी चाला. एकाच पायाची पोटरी सुजली-दुखली किंवा अचानक दम लागला तर लगेच दवाखाना.

डिसेंबरात कोयनेच्या खोऱ्यात पहाटेची थंडी बोचरी असते. ताडपत्रीच्या बंद तंबूत शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, झोपेतच माणूस जातो. पावसाळ्यात दुसरं भय, मण्यार. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. सकाळी पोटात कळा येतात, पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं. लोक अपचन समजतात. पापणी पडलेली दिसली की सापच समजून प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. बाज किंवा लाकडी पलंग आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी एवढ्यानं हा धोका बराचसा टळतो.

मदतीच्या गाड्यांमधून दूध पावडरीचे डबे येतील. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला ते देऊ नका. ‘धास्तीनं दूध आटलं’ हा गैरसमज आहे. दूध उतरायला थोडा वेळ लागतो, बाळ वारंवार छातीशी धरलं की येतं. बाटली आणि अस्वच्छ पाणी आलं की जुलाब आलेच. तिथे मात्र तुमचं ओआरएस आणि झिंक, चौदा दिवस, नेहमीप्रमाणे.

एक आकडा ग्रामसभेत जरूर सांगा. एप्रिल २०१६ मध्ये जपानच्या कुमामोतोला भूकंपात थेट ५० माणसं गेली. नंतरच्या महिन्यांत दगदग, सुटलेले उपचार आणि निवाऱ्यातले हाल यांनी २०० हून जास्त माणसं गेली, बहुतेक म्हातारी. हृदयाचं तर त्याच दिवशी दिसतं. १७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिस परिसरात पहाटे भूकंप झाला, तेव्हा हृदयविकारानं अचानक दगावणाऱ्यांची संख्या एरवीच्या दिवसाला चार-पाचवरून २४ वर गेली. बीपीची गोळी, इन्सुलिन, फिट्सची गोळी, टीबीचा कोर्स हे घराबरोबर गाडलं जातं, आणि ‘आत्ता गोळीचं काय घेऊन बसलात’ असं म्हणत आठवडा जातो. फिट्सची गोळी दोन दिवस चुकली तरी झटका येतो.

त्यासाठी तुम्ही आत्ता, कोणताही भूकंप नसताना, एक काम करू शकता. दर घरी दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी. त्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये, जुना चष्मा, शिट्टी, टॉर्च. गोळ्या मुदत संपायच्या आत वापरून नव्या ठेवायच्या. इन्सुलिन फ्रीजमध्येच राहू दे. वीज गेली तर वापरात असलेली बाटली मडक्यातल्या गारव्यात साधारण चार आठवडे टिकते. अंथरुणाशी चपला, तळ वर करून, म्हणजे त्यात काचा पडत नाहीत. आणि वहीत पाच नावांचे रकाने करा : गरोदर, डायलिसिसवरचे, इन्सुलिनवरचे, टीबीचे, अंथरुणाला खिळलेले. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी आल्या तेव्हा रस्तेही गेले होते. भूकंपातही घाट बंद होऊ शकतो. तेव्हा बाहेरची गाडी येईपर्यंत ही वहीच तुमचा दवाखाना.

राहिल्या सासूबाई. मोठ्या धक्क्यानंतर जमीन स्थिर असूनही हलल्यासारखी वाटणं हे वेड नाही आणि नाटकही नाही. जपानमध्ये अनेकांना हे होतं. कानातलं तोल सांभाळणारं यंत्र आणि मेंदू दोघेही पुढच्या धक्क्याच्या पहाऱ्यावर बसलेले असतात, जरासं हललं तरी ओरडतात. आधी दवाखान्यात बीपी, साखर, हिमोग्लोबिन पाहून घ्या, चालू गोळ्या दाखवा, कान तपासा. एका बाजूची ताकद गेली, बोलणं अडखळलं, एकाच्या दोन वस्तू दिसल्या किंवा उलट्या होऊन चालताच येईना, तर ते भूकंपाचं नव्हे, अर्धांगाचं असू शकतं. त्याच तासाला निघा.

हे सगळं ठीक असेल तर एक पारदर्शक बाटली अर्धी पाण्यानं भरून त्यांच्या बाजेजवळ जमिनीवर ठेवा. हललंसं वाटलं की पाण्याकडे पाहायचं. पाणी सपाट असेल तर जमीन स्थिर आहे. मग दूरच्या एका जागी, डोंगराच्या माथ्यावर म्हणा, नजर ठेवून सावकाश श्वास सोडायचा. दिवसाचा चहा दोनवर आणायचा, टीव्हीवरच्या पडझडीच्या बातम्या बंद. झोपेची गोळी मागू नका. या वयात तिनं तोल आणखी जातो आणि रात्री पडून खुबा मोडतो.

त्यांना आत झोपायला लावू नका. ओसरीवरची बाज ही त्यांनी स्वतःसाठी शोधलेली सोय आहे. फक्त मच्छरदाणी लावा, चपला आणि टॉर्च हाताशी द्या, वर कौलांचा किंवा माळ्याचा भार नाही ना ते पाहा. ६७ सालाबद्दल बोलल्या तर हातातलं काम ठेवून ऐका, नाही बोलल्या तर खोदून विचारू नका. महिनाभरात कमी झालं नाही, जेवण तुटलं किंवा ‘कशाला जगायचं’ असं तोंडी आलं, तर १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा फुकट आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा तुम्ही लावून द्या आणि फोन त्यांच्या हातात द्या.